घरून काम (महासाथीच्या काळातील)

घरून काम : नोकरीतील नेमून दिलेले काम मालकाच्या जागेत न करता कर्मचाऱ्याने आपल्या राहत्या घरी, बहुधा संगणक व दूरसंदेशवहन यांच्या साहाय्याने करण्याची पद्धत. मराठीत ‘घरकाम’ या शब्दाचा अर्थ स्वयंपाक, धुणीभांडी, केरवारे इ. कामे असा पूर्वीपासून रूढ असल्यामुळे या पद्धतीस ‘घरून काम’ असे निराळे नाव पडले. कोविड-१९ च्या महासाथीत, विशेषतः २०२० ते २०२२ या काळात, ही पद्धत जगभर अल्पावधीत पसरली; साथ ओसरू लागताच कर्मचाऱ्यांनी कार्यालयात परत यावे की घरीच राहून काम करावे, हा मालक, कर्मचारी व शासन यांच्यातील मोठ्या वादाचा विषय झाला. या वादात केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. साथीच्या धोक्याचा भार कोणी वाहावा, घराच्या जागेचा व प्रवासाच्या वेळेचा खर्च कोणाचा आणि कामाची जागा ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन जुने प्रश्न त्यात नव्याने उपस्थित झाले.

घर व कामाची जागा : घर व कामाची जागा भिन्न असणे ही मानवी इतिहासातील तुलनेने अलीकडची घटना आहे. विणकर, सोनार, कुंभार, चांभार यांचे घर हीच त्यांची कार्यशाळा असे. महाराष्ट्रात येवल्याच्या पैठणीचे माग राहत्या घरातच असत. गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याच्या घरी राही व वसुलाचे हिशेब तेथेच लिहिले जात. पेशव्यांच्या राजवटीत पुण्यास हुजूर दफ्तराची मोठी कचेरी होती. परंतु राज्यकारभाराचे बरेचसे काम सरदार व मुत्सद्दी यांच्या वाड्यांतून चाले. यूरोपातही अठराव्या शतकापर्यंत व्यापारी कच्चा माल कारागिरांच्या घरी पोचवीत आणि तयार माल तेथून उचलीत.

हे चित्र यांत्रिक कारखान्यांमुळे पालटले. रिचर्ड आर्कराइट याने १७७१ मध्ये इंग्लंडमधील क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली. एका मोठ्या चाकाने अनेक यंत्रे फिरत असल्यामुळे कामगारांनी ठराविक वेळी एका छपराखाली येणे अपरिहार्य झाले आणि भोंगा व हजेरीपट यांचे राज्य सुरू झाले. लेखी कामाच्या बाबतीत हेच कार्य मोठ्या व्यापारी कंपन्यांच्या कचेऱ्यांनी केले. लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत चार्ल्स लॅम व जॉन स्ट्यूअर्ट मिल यांसारख्या लेखकांनी आयुष्याची अनेक वर्षे कारकुनी व पत्रव्यवहार यांत घालविली. खातेवह्या, मूळ कागद व मोहोर एकाच ठिकाणी असल्यामुळे कारकुनाला त्या ठिकाणी जाणे भाग होते. मुंबईत कावसजी दावर यांच्या पुढाकाराने १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात गिरणी, गोदी व कचेरी यांच्या वेळांनुसार सबंध शहराचा दिनक्रम ठरू लागला.

पूर्वीच्या साथी : माणसे एकत्र जमल्याने साथ पसरते, हा अनुभव जुना आहे. त्यामुळे साथीत कामाची जागा सोडून जाणे अथवा ती अन्यत्र हलविणे, हे उपाय वेळोवेळी योजले गेले. लंडनमध्ये १६६५ साली प्लेगची मोठी साथ आली, तेव्हा राजा दुसरा चार्ल्स याने दरबारासह शहर सोडले; पार्लमेंटचे अधिवेशन ऑक्सफर्ड येथे भरले; सॅम्युएल पीप्स ज्या नौदलाच्या कचेरीत अधिकारी होता, ती ग्रिनिचला नेण्यात आली. केंब्रिज विद्यापीठ बंद पडल्यामुळे आयझाक न्यूटन वूल्सथॉर्प येथील आपल्या घरी परतला व तेथे त्याने गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांविषयी मूलगामी चिंतन केले. २०२० मध्ये घरून कामाच्या पुरस्कर्त्यांनी न्यूटनचे उदाहरण वारंवार दिले. तथापि न्यूटनला घर होते, शेतीचे उत्पन्न होते व घरकामाची चिंता नव्हती. ज्यांना यांपैकी काहीच नव्हते, असे लंडनमधील मजूर व नोकरचाकर शहरातच राहिले आणि मृतांत त्यांचाच भरणा अधिक होता.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले [⟶ प्लेग]. रोगाची भीती व सक्तीने रुग्णालयात नेले जाण्याची धास्ती यांमुळे शहर रिकामे होऊ लागले. सुमारे साडेआठ लाख वस्तीपैकी जवळजवळ निम्मी माणसे १८९७ च्या प्रारंभापर्यंत शहराबाहेर गेली. त्यांत कोकण व देश या भागांतून आलेले गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. कामगारांचा तुटवडा पडताच मालकांची शिस्त ढिली पडली. एरवी महिना उलटल्यावर, तोही काही दिवस अडकवून ठेवून, पगार देणाऱ्या गिरण्यांनी रोजच्या रोज मजुरी देण्यास प्रारंभ केला आणि नाक्यानाक्यांवर मजुरांसाठी उघड चढाओढ झाली. कामावर परतण्याच्या अटी कामगार ठरवू शकतो, हा अनुभव मुंबईच्या गिरणगावाने त्या वेळी अल्पकाळ घेतला. साथ ओसरताच जुनी पद्धत परत आली.

या साथीचे दोन परिणाम दीर्घकाळ टिकले. पहिला म्हणजे १८९७ चा साथरोग अधिनियम. याच कायद्याचा आधार महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये घेतला. दुसरा म्हणजे १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई शहर सुधारणा मंडळ. दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढणे व शहराच्या उत्तरेस नव्या वसाहती वसविणे, हे या मंडळाचे कार्य होते. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांतील योजना त्यातूनच निघाल्या. तेथे स्थिरावलेला पांढरपेशा नोकरवर्ग रोज आगगाडीने वा ट्रामने कोटातील कचेरीकडे जाऊ लागला. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवरील गाडी सुरू झाल्यावर हे अंतर वाढतच गेले. एका साथीवरील उपाय म्हणून घर व कचेरी यांची अशा रीतीने फारकत झाली होती. सव्वाशे वर्षांनी आलेल्या दुसऱ्या साथीने ती दोन्ही पुन्हा एका खोलीत आणली.

१९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत मुंबईतील पहिले रुग्ण जूनमध्ये गोदीवर पहारा करणाऱ्या पोलीस शिपायांत आढळले व लवकरच गोदी, बँका, तारखाते व गिरण्या यांतील हजेरी घटली. न्यूयॉर्कमध्ये आरोग्याधिकाऱ्यांनी ऑक्टोबर १९१८ मध्ये दुकाने, कचेऱ्या व नाट्यगृहे यांच्या उघडण्याच्या व बंद होण्याच्या वेळा वेगवेगळ्या ठरवून भुयारी आगगाडीतील गर्दी विभागण्याचा प्रयत्न केला. घरून काम मात्र तेव्हा शक्य नव्हते. दूरध्वनी होता, पण तो जोडून देणारे कर्मचारीच आजारी पडल्यामुळे अनावश्यक दूरध्वनी टाळण्याची विनंती अमेरिकेतील दूरध्वनी कंपन्यांना करावी लागली. कागदपत्रे जेथे असत, तेथेच काम होत असे.

दूरस्थ कामाची कल्पना : कामाकडे माणूस नेण्याऐवजी माणसाकडे काम न्यावे, हा विचार १९७३ च्या खनिज तेल संकटाच्या वेळी पुढे आला. अमेरिकन अभियंता जॅक निल्स याने मोठ्या शहरांतील वाहतुकीचा खर्च व संदेशवहनाचा खर्च यांची तुलना करून काही काम दूरसंदेशवहनाने करणे स्वस्त पडेल, असे दाखविले. ॲल्व्हिन टॉफ्लर याने १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या द थर्ड वेव्ह या ग्रंथात इलेक्ट्रॉनिक साधनांनी सज्ज अशा घरातून चालणाऱ्या भावी उद्योगाचे चित्र रेखाटले. पुढे वैयक्तिक संगणक, इंटरनेट व भ्रमणध्वनी यांच्या प्रसाराने तांत्रिक अडचणी बऱ्याच दूर झाल्या. तरीही ही पद्धत मर्यादितच राहिली. उलट याहू या कंपनीने २०१३ मध्ये व आयबीएमने २०१७ मध्ये दूरस्थ कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलाविले. यावरून अडसर यंत्रांचा नसून देखरेखीच्या सवयीचा होता, असे दिसते.

भारतात संगणक-सेवा उद्योगावर कायद्याचेही बंधन होते. दूरध्वनीद्वारे सेवा देणाऱ्या केंद्रांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे आणि कर्मचाऱ्यास घरून काम देण्यासाठी एक कोटी रुपयांची अनामत व इतर अटी होत्या. साहजिकच २०२० पूर्वी ही सवलत क्वचितच वापरली गेली. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने मात्र प्रसूतिरजेनंतर, कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास, परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद केली होती.

कोविड-१९ व टाळेबंदी : जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. बंदिस्त कार्यालय हे संसर्गाचे ठिकाण कसे ठरते, याचा पुरावा त्याच महिन्यात दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे मिळाला. तेथील एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावरील दूरध्वनी-सेवा केंद्रात २१६ कर्मचाऱ्यांपैकी ९४ जणांना संसर्ग झाला व त्यांतील बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूस शेजारीशेजारी बसणारे होते. त्याच इमारतीतील इतर मजल्यांवरची माणसे तीच उद्‌वाहने वापरीत असूनही तेथे रुग्ण अत्यल्प आढळले. दीर्घकाळ एका खोलीत बसून बोलत राहणे हेच धोक्याचे, असा याचा अर्थ होता.

अनेक देशांनी त्यानंतर कार्यालये बंद केली वा शक्य त्यांनी घरून काम करावे, असा आदेश दिला. झूम या दृक्-श्राव्य बैठकीच्या साधनावरील बैठकांतील दैनंदिन सहभागांची संख्या डिसेंबर २०१९ मधील सु. १ कोटीवरून एप्रिल २०२० मध्ये सु. ३० कोटींवर गेली. जपानमध्ये कागदपत्रांवर ‘हांको’ नावाचा शिक्का प्रत्यक्ष उमटविण्याची प्रथा असल्यामुळे आणीबाणी जाहीर होऊनही केवळ शिक्का मारण्यासाठी कर्मचाऱ्यांना कार्यालयात जावे लागे. परिणामी शासनाने ही प्रथा कमी करण्याची मोहीम हाती घेतली. शासकीय धोरणे स्थिर नव्हती. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये घरून काम करण्याचा सल्ला देण्यात आला, ऑगस्टमध्ये निर्णय मालकांवर सोपविण्यात आला आणि सप्टेंबरमध्ये रुग्णसंख्या वाढताच पहिला सल्ला पुन्हा लागू झाला.

भारतातील परिस्थिती : भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. तत्पूर्वीच, १३ मार्च रोजी, दूरसंचार विभागाने घरून कामाविषयीच्या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणी व अनामत यांच्या अटी कायमच्या काढून टाकण्यात आल्या. हिंजवडी, खराडी, ऐरोली आदी ठिकाणच्या संगणक-सेवा कंपन्यांनी काही दिवसांतच हजारो संगणक कर्मचाऱ्यांच्या घरी पोचविले. सर्वोच्च न्यायालयाने व उच्च न्यायालयांनी दृक्-श्राव्य माध्यमातून सुनावण्या सुरू केल्या.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात आपल्या कार्यालयांतील उपस्थिती ५ टक्क्यांवर आणली. ‘पुनश्च हरिओम’ या नावाने निर्बंध शिथिल करताना खाजगी कार्यालयांना ८ जून २०२० पासून १० टक्के व सप्टेंबरपासून ३० टक्के कर्मचारी बोलाविण्याची मुभा मिळाली. मुंबईत मात्र येथे एक विसंगती निर्माण झाली. महासाथीपूर्वी रोज सु. ७५ ते ८० लाख प्रवासी वाहणारी उपनगरी रेल्वे २३ मार्चपासून बंद होती. १५ जूनपासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. २१ ऑक्टोबरपासून स्त्रियांना व १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना, ठराविक वेळांतच, प्रवासाची परवानगी मिळाली. त्यामुळे कार्यालय उघडले पण गाडी नाही, अशा स्थितीत वसई, विरार, कल्याण, बदलापूर येथील कर्मचाऱ्यांना बसच्या रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागले. कार्यालयातील अंतर पाळण्यासाठी घातलेली टक्केवारीची मर्यादा बसमधील गर्दीने निष्फळ ठरे. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेमुळे निर्बंध पुन्हा कडक झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना रेल्वे खुली झाली. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत खाजगी कार्यालयांची उपस्थिती ५० टक्क्यांवर मर्यादित करण्यात आली आणि १ एप्रिल २०२२ पासून सर्व निर्बंध उठविण्यात आले.

विजेवरील अवलंबनही या काळात उघड झाले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसरातील वीजपुरवठा काही तास खंडित झाला, तेव्हा रेल्वेबरोबर हजारो घरांतील ‘कार्यालये’ही एकाच वेळी बंद पडली. गावी परतलेल्या नोकरदारांपुढील अडचण निराळी होती. कोकणातील अनेक गावांत भ्रमणध्वनीच्या लहरी घरात पोचत नसल्यामुळे काम अथवा अभ्यास यांसाठी टेकडीवर वा रस्त्याच्या कडेला जाऊन बसावे लागे.

घरून काम न करता येणारे : घरून काम ही सर्वांना उपलब्ध असलेली निवड नव्हती. अमेरिकेतील सु. ३७ टक्के नोकऱ्याच पूर्णपणे घरून करता येण्याजोग्या आहेत, असा अंदाज जोनाथन डिंगेल व ब्रेंट नीमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडला. कमी उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण बरेच कमी असल्याचेही त्यांनी दाखविले. शेतमजूर, बांधकाम मजूर, सफाई कामगार, परिचारिका, वाहनचालक, पोलीस, आशा सेविका यांचे काम घरातून होऊ शकत नव्हते. त्यांच्यापुढे कामावर जाऊन संसर्गाचा धोका पतकरणे किंवा घरी राहून उत्पन्न गमावणे, हे दोनच मार्ग होते. टाळेबंदीनंतर महानगरांतून पायी गावाकडे निघालेले स्थलांतरित मजूर हे दुसऱ्या मार्गाचे सर्वांत करुण दृश्य ठरले. १८९७ च्या मुंबईत शहर सोडून गेलेल्या मजुराची मनधरणी झाली होती, कारण गिरण्या चालू होत्या. २०२० मध्ये उद्योगच बंद असल्यामुळे परतणाऱ्या मजुराला थांबविण्यासाठी कोणी अधिक मजुरी देऊ केली नाही.

कार्यालयांवर अवलंबून असलेले व्यवसायही कोसळले. मुंबईच्या डबेवाल्यांची सेवा मार्च २०२० मध्ये थांबली. ती पुन्हा सुरू झाल्यावरही पूर्वीचे बरेच ग्राहक घरीच जेवत असल्यामुळे अनेक डबेवाल्यांना मावळातील व खेड-जुन्नरकडील शेतीकडे किंवा अन्य कामांकडे वळावे लागले. कचेऱ्यांभोवतीचे चहावाले, झेरॉक्सवाले, खाद्यपदार्थांचे फेरीवाले व रिक्षाचालक यांची गत हीच झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना अनेक गृहनिर्माण संस्थांनी प्रवेश नाकारला. ज्या घरांतून ‘घरून काम’ चालू होते, त्याच घरांच्या दाराशी ‘घरकाम’ करणाऱ्यांची नोकरी संपली. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी महाराष्ट्र शासनाने नोंदणीकृत घरेलू कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. नोंदणी नसलेल्यांना ते मिळू शकले नाही.

घरी बसून काम करणारा आणखी एक मोठा वर्ग या चर्चेत दुर्लक्षित राहिला. सोलापूर, सिन्नर येथील विडी कामगार स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या आहेत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरी काम करणाऱ्यासही कामगार मानले होते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये, म्हणजे महासाथीपूर्वीच, जगात सु. २६ कोटी लोक घरी काम करीत होते व त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. १९९६ मध्ये या संघटनेने गृहाधारित कामाविषयी संकेत संमत केला. परंतु तो स्वीकारणारी राष्ट्रे थोडी आहेत. संगणकावरील घरून काम नवे वाटले, तरी तुकड्यावर मजुरी, अनिश्चित तास, घराच्या जागेचे भाडे न मिळणे व एकाकीपणा या तक्रारी विडी कामगार व शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी फार पूर्वीच मांडल्या होत्या.

घरातील कार्यालय : ज्यांना घरून काम करता आले, त्यांचे अनुभवही एकसारखे नव्हते. प्रवासाचे दोन ते चार तास वाचले, वृद्ध आईवडिलांकडे लक्ष देता आले, भाड्याच्या शहरी घराऐवजी गावी राहून बचत करता आली, हे लाभ खरे होते. अपंग व्यक्तींना तर कार्यालयाच्या पायऱ्या व प्रवास यांपासून प्रथमच सुटका मिळाली. उलटपक्षी एक-दोन खोल्यांच्या घरात पतिपत्नींचे काम, मुलांची ऑनलाइन शाळा आणि आजाऱ्याचे विलगीकरण एकाच वेळी सांभाळावे लागले. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. तेथे स्वतंत्र टेबलखुर्चीचीही कल्पना करणे कठीण होते.

स्त्रियांवरील भार विशेष वाढला. भारतात २०१९ मध्ये झालेल्या कालविनियोग पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करीत होते. कार्यालयात जाणे म्हणजे या कामापासून काही तासांची सुटी असे. ती सुटीही घरून कामाने हिरावून घेतली. कामाच्या वेळेची सीमा पुसट झाली. काही कंपन्यांनी कळफलकावरील हालचाली टिपणाऱ्या आज्ञावली वापरून कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवली, तर काही कर्मचारी एकाच वेळी दोन मालकांची कामे करीत असल्याचे २०२२ मध्ये उघडकीस येऊन त्यांना काढून टाकण्यात आले. परस्परविश्वास दोन्ही बाजूंनी उणावला.

पुनरागमनाचा वाद : प्रारंभी मालकांनी या पद्धतीचे उत्साहाने स्वागत केले होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये असे जाहीर केले, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचारी कार्यालयात असण्याची आवश्यकता राहणार नाही. याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. ट्विटर कंपनीने मे २०२० मध्ये दिलेली कायम घरून कामाची मुभा नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या मालकाने रद्द केली. घरून कामाचे प्रतीक ठरलेल्या झूम कंपनीनेही ऑगस्ट २०२३ मध्ये कार्यालयाजवळ राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस येण्यास सांगितले. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवसांची सक्ती केली; त्याच महिन्यात अमेरिकेच्या संघीय शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ कार्यालयात परतण्याचा आदेश दिला.

परत बोलाविण्यामागे मालकांनी दिलेली कारणे अशी : नवशिक्या कर्मचाऱ्यांना जुन्यांच्या शेजारी बसून मिळणारे शिक्षण घरी मिळत नाही, अनौपचारिक संभाषणातून सुचणाऱ्या कल्पना आटतात, गोपनीय माहितीची सुरक्षितता राहत नाही. कर्मचाऱ्यांचे म्हणणे असे, की दोन वर्षे सर्व काम घरून झाले, तेव्हा कंपन्यांचा नफा घटला नाही. मग सक्ती कशासाठी? रिकाम्या इमारतींच्या भाड्याचे समर्थन करणे आणि काही लोकांनी स्वतःहून राजीनामा द्यावा असा सुप्त हेतू बाळगणे, हे आरोपही मालकांवर झाले.

संशोधनाने या वादाचा एकतर्फी निकाल दिलेला नाही. निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी चीनमधील एका मोठ्या पर्यटन कंपनीत २०१०–११ मध्ये केलेल्या नऊ महिन्यांच्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली व नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र घरी स्वतंत्र खोली असणे ही या प्रयोगात भाग घेण्याची अट होती आणि प्रयोगानंतर निवड करू दिली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी, एकाकीपणाला कंटाळून, कार्यालयच पसंत केले. उलट चेन्नई येथे माहिती नोंदविणाऱ्या कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात घरून काम नेमून दिलेल्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी आढळली. ज्यांना घरून काम हवे होते, त्यांच्या बाबतीत ही घट अधिक होती. घर सोडणे ज्यांना कठीण असते, त्यांनाच घरात निवांतपणा नसतो, हे यावरून सूचित होते. चीनमधील त्याच पर्यटन कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्याने कामगिरी व बढती यांवर अनिष्ट परिणाम न होता राजीनामे एकतृतीयांशाने घटले. काही दिवस घर व काही दिवस कार्यालय, ही मिश्र पद्धत अनेक कंपन्यांत स्थिरावली, याचे स्पष्टीकरण या निष्कर्षात सापडते.

कायद्याची बाजू : पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदा करून कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क साधण्यास मालकांना मनाई केली व घरून कामामुळे वाढणाऱ्या खर्चाचा भार त्यांच्यावर टाकला. नेदर्लंड्‌समध्ये घरून कामाची विनंती गांभीर्याने विचारात घेण्याचे बंधन घालणारे विधेयक कनिष्ठ सभागृहाने २०२२ मध्ये संमत केले. परंतु २०२३ मध्ये वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळले. भारतात केंद्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात घरून कामाचा उल्लेख होता, तथापि ते देणे मालकाच्या इच्छेवर सोपविले होते. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतील घटकांना ५० टक्क्यांपर्यंत कर्मचाऱ्यांना घरून काम देण्याची अनुमती नियमाने मिळाली. यांपैकी कशानेही कर्मचाऱ्यास हक्क प्राप्त झाला नाही. मालकाला सवलत मात्र मिळाली.

मूल्यमापन : जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ विषयीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी समाप्त झाल्याचे जाहीर केले. साथीचा निकडीचा प्रश्न मागे पडला, तरी तिने उघड केलेली विषमता तशीच राहिली. साथीत कामाची जागा बदलता येणे हे एक संरक्षण होते आणि ते शिक्षण, घराचा आकार व कामाचे स्वरूप यांनुसार मिळाले. गरजेनुसार मिळाले नाही. १८९६ च्या प्लेगनंतर राहत्या जागेच्या सुधारणेचा विचार निदान काही प्रमाणात सार्वजनिक कर्तव्य म्हणून झाला होता. २०२० नंतर चर्चा मुख्यतः आठवड्यातून किती दिवस कार्यालयात यावे, याभोवती फिरत राहिली. ज्या कामगाराला रोजच यावे लागते, त्याच्यासाठी हवेशीर कार्यस्थळ, आजारपणाची पगारी रजा व गर्दी नसलेली वाहतूक यांची तजवीज पुढील साथीपूर्वी झाली, तरच घरून काम हा काहींचा विशेषाधिकार न राहता सर्वांच्या संरक्षणाचा एक भाग ठरू शकेल.